भांडी बाजारातील बिडाचा तवा
नाशिकच्या भांडी बाजारातून घेतलेला बिडाचा तवा मी मनापासून सुचवेन, मात्र पहिल्याच दिवशी तो नॉनस्टिकसारखा वागेल अशी अपेक्षा ठेवू नये. धुऊन, पूर्ण कोरडा करून, तेलाचा अगदी पातळ हात फिरवून तो धूर निघेपर्यंत पुन्हा पुन्हा तापवला की लोखंडावर तेलाचा कडक, काळाभोर थर बसतो आणि धिरडे चिकटत नाही ते या थरामुळेच. पाण्याचा थेंब तव्यावर नाचू लागल्यावरच तेल लावून पीठ घालावे. कडा सुटेपर्यंत उलथणे लावू नये. नागलीचे धिरडेही आता जाळीदार, अखंड निघते. तवा जड आहे, पण सुमारे २६० अंश सेल्सिअसपुढे खराब होऊ लागणाऱ्या टेफ्लॉनपेक्षा मोठ्या आचेला मला हाच भरवशाचा वाटतो. चिंच-टोमॅटोचे आंबट पदार्थ मात्र यात शिजवू नयेत, थर उतरतो.