हीट पंप, सोलर की गिझर? साताऱ्या-सांगलीच्या घराला काय परवडेल

युक्रेन युद्धानंतर गॅस महागला आणि 2022 साली युरोपात हीट पंपांची विक्री उसळली. पुढच्याच वर्षी ती घसरली. गॅस उतरला, कर्जं महागली, सरकारी अनुदानांचा भरवसा राहिला नाही. या बातम्या वाचून इथं कुणी खरेदीचं ठरवू नये. तिकडं हा पंप अख्खं घर उबदार ठेवतो. आपल्याकडं महाबळेश्वर-पाचगणी सोडली तर खोली तापवायची वेळ येत नाही, प्रश्न असतो तो अंघोळीच्या पाण्याचा. म्हणजे इथं त्याला टक्कर द्यायची आहे ती गच्चीवरच्या सोलरला आणि बाथरूममधल्या गिझरला.

हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो. वीज लागते ती कॉम्प्रेसर आणि पंख्यापुरती, त्यामुळं 1 युनिटात साधारण 3 युनिटांइतकी उष्णता मिळते. चौघांच्या घराला रोज 100 लिटर पाणी 25 अंशांवरून 55 अंशांवर न्यायचं, तर साध्या गिझरला साडेतीन युनिट लागतात आणि हीट पंपाला सव्वा युनिटाच्या आसपास. सगळे आकार धरून युनिट 10 रुपयांना पडतं असं समजलं, तर दिवसाला वाचले बावीस-तेवीस रुपये.

आता सांगलीत एप्रिल-मे महिन्यांत टाकीतलंच पाणी अंगावर घ्यायला कोमट असतं. तापवायचे महिने आठच धरा. वर्षाची बचत साडेपाच हजार. 200 लिटरचा घरगुती हीट पंप बसवून साधारण 70 हजार ते लाखभर रुपयांत पडतो, गिझर दहा हजारांत येतो. वरचे कमीत कमी साठ हजार वसूल व्हायलाच दहा-अकरा वर्षं, आणि तोवर कॉम्प्रेसर एकदा तरी हात दाखवणारच. छोट्या कुटुंबाला हा सौदा आतबट्ट्याचा आहे, विक्रेता काहीही सांगो.

गॅस गिझर या हिशेबात मधोमध बसतो. एवढंच पाणी तापवायला एक सिलिंडर 40 दिवसांच्या आसपास पुरतो. पण बंद बाथरूममध्ये तो कार्बन मोनॉक्साइडनं जीव घेतो, म्हणून माझ्या यादीत तो नाहीच.

स्वतःची गच्ची असेल तर सोलरला तोड नाही. 200 लिटरचा नळ्यांचा संच पंचवीस-पस्तीस हजारांत बसतो, आणि ऊन असेल त्या दिवशी खर्च शून्य. बोअरचं पाणी असेल तर नळ्यांत क्षार साचतात, तेवढी साफसफाई अंगावर येते. तो त्रास गिझरच्या कॉइललाही आहे आणि हीट पंपाच्या टाकीलाही.

सोलरची खरी गोची पावसाळ्यात होते. साताऱ्याच्या पश्चिमेला, मेढ्यापासून महाबळेश्वरापर्यंत, जून ते सप्टेंबर ऊन म्हणजे पाहुणा. नेमकी तेव्हाच गरम पाण्याची निकड असते, आणि नेमका तेव्हाच हीट पंप खुशीत चालतो. त्याला ऊन नको, हवा लागते. हवा वीस अंशांच्या आसपास आणि ओलसर असली की त्या ओलाव्यातलीही उष्णता तो ओढून घेतो. पाचगणीतल्या एखाद्या होमस्टेला रोज 500 लिटर पाणी लागत असेल, तर वरची बचत पाचपट होते. गर्दीच्या महिन्यांतच तिथं दिवसाला शंभरावर रुपये वाचतात. मोठा संच दीड-दोन लाखांना पडला तरी पाच-सात वर्षांत पैसे निघतात, वर्षभर पाहुणे असतील तर त्याच्याही आधी. तिथं आजच घ्यावा. वसतिगृहं, दवाखाने यांचंही तेच.

फ्लॅटवाल्यांची अडचण वेगळी. गच्ची सोसायटीची, सोलरला जागा मिळत नाही. त्यांनी एकेकटा हीट पंप घेण्यापेक्षा सोसायटीनं सामाईक मोठा बसवावा. टाकी एक, देखभाल एक. एकट्यानं घ्यायचाच तर युटिलिटी बाल्कनी लागेल. पंखा थंड हवा बाहेर टाकतो आणि आवाजही करतो, शेजाऱ्यांची खिडकी कुठं आहे ते आधी पाहावं. शिवाय गिझरसारखं बटण दाबलं की लगेच पाणी, असं होत नाही. भरलेली टाकी तापायला काही तास जातात.

आणखी एक गोष्ट विक्रेते बोलत नाहीत. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटच्या पॅनेलना 78 हजारांचं अनुदान आहे, आणि एवढी पॅनेल दिवसाला सरासरी बारा युनिटांच्या आसपास वीज देतात. त्यातून गिझरचे साडेतीन युनिट सहज निघतात. छतावर पॅनेल आली की हीट पंपानं वाचवलेल्या युनिटांची किंमतच घटते. म्हणून बंगलेवाल्यांमध्ये हा पंप झपाट्यानं पसरेल असं मला वाटत नाही. मागणी हॉटेलं आणि वसतिगृहांतूनच वाढेल. दुरुस्ती मात्र जड जाऊ नये, कॉम्प्रेसर आणि गॅसचं काम एसीवाले मेकॅनिक रोजच करतात. भाव उतरलेच तर तेही एसीच्या कारखान्यांमुळं, सुटे भाग बरेचसे तेच आहेत.

घ्यायचं ठरलंच, तर कॉम्प्रेसरची वॉरंटी लेखी घ्या, व्होल्टेज वरखाली होणाऱ्या गावात स्टॅबिलायझर लावा, आणि सांगलीत नदीकाठच्या भागात राहत असाल तर हीट पंप तळमजल्याच्या ओट्यावर बसवू देऊ नका. 2019 आणि 2021 मध्ये कृष्णेचं पाणी तिथं कुठवर चढलं होतं ते शेजारी सांगतील. त्याच्या वर, पहिल्या मजल्यावर किंवा गच्चीत बसवा. पाइप थोडा जास्त लागेल.