कन्व्हेन्शनल, सुमो की ट्रॅप बार? कंबर सांभाळून डेडलिफ्ट निवडताना

डेडलिफ्टने, म्हणजे जमिनीवरचा वजनाचा बार उचलून ताठ उभं राहण्याच्या व्यायामाने, कंबर धरली की हमखास सल्ला मिळतो, ‘सुमो करून बघ’, म्हणजे पाय फाकवून उचल. पण आधी कंबर का धरली ते शोधा. बार नडगीपासून चार बोटं पुढे राहत असेल, तर पाय कितीही फाकवले तरी ताण कमरेवरच येणार.

कन्व्हेन्शनलमध्ये, म्हणजे नेहमीच्या पद्धतीत, पाय खुब्यांइतके रुंद आणि हात गुडघ्यांच्या बाहेर असतात. धड बरंच पुढे झुकतं, त्यामुळे पाठ आणि हॅमस्ट्रिंग (मांडीमागचे स्नायू) चांगलेच राबतात. इथली सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे बार जमिनीवरून सुटायच्या आत खुबे वर जाणं. मग पाय मोकळे आणि पाठ एकटी ओढतेय, असं होतं. बार पावलाच्या मध्यावर घ्या, पोटात श्वास भरून पोट घट्ट करा, हात ताणून बारमधला ढिलेपणा काढा. प्लेटमध्ये बार ‘टक्’ वाजला की मगच पायांनी जमीन खाली रेटा. हिसका मारला की पाठ गोल झालीच म्हणून समजा. वर पोचल्यावर मागे कलू नका, ताठ उभं राहणं पुरे.

सुमोत पाय रुंद, पंजे बाहेर वळलेले, हात गुडघ्यांच्या आत. धड उभट राहतं, बारचा प्रवास कमी होतो, कमरेवरचा ताणही. त्याऐवजी मांडीचे आतले स्नायू कामाला लागतात. खुबे तितके उघडत नसतील तर गुडघे आत कोसळतात. तेव्हा हट्ट नको. सुमोला ‘फसवी’ म्हणणं मात्र मला पटत नाही. पॉवरलिफ्टिंगमध्ये, म्हणजे जास्तीत जास्त वजन उचलण्याच्या स्पर्धेत, दोन्ही पद्धती चालतात.

ट्रॅप बार सरळ नसून मधे चौकट असलेला असतो आणि तुम्ही त्या चौकटीच्या आत उभे असता. वजन शरीराच्या दोन्ही बाजूंना असतं, नडगी आड येत नाही. हॅमस्ट्रिंगला काम थोडं कमी मिळतं आणि पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत हा बार चालत नाही. तरीही स्पर्धा डोक्यात नसलेल्या नवख्याला मी आधी हाच देईन.

तो नसेल तर कन्व्हेन्शनलच, पण बार योग्य उंचीवर ठेवून. 45 सेंटिमीटर व्यासाच्या प्लेट लावल्या की बारचा मध्य जमिनीपासून 22.5 सेंटिमीटरवर येतो. लहान प्लेट लावल्या तर बार खाली जातो आणि पाठ उगाच वाकते, म्हणून खाली ठोकळे ठेवा. मऊ गादीचे रनिंग शूज काढा. बाजूने व्हिडिओ घ्या. ज्या रेपला (एका उचलीला) कंबर गोल होताना दिसेल, त्याच्या आधीच्या रेपला पुढच्या वेळी सेट थांबवा.