ब्रेकचं बूस्टर खोललंच नाही, 8,750 रुपये मात्र घेतले

ब्रेक पाइप बदलल्यावर पेडल मऊ लागलं तर पहिला संशय पाइपमध्ये राहिलेल्या हवेवर घ्यायचा. ऑइल दाबलं जात नाही, हवा दबते, म्हणून पाय आत जातो. हे मला कळेपर्यंत 22,650 रुपये गेले होते. नागपुरात आणखी कोणाचे जाऊ नयेत म्हणून लिहितोय.

माझी 2012 ची वॅगन-आर. मागचा ब्रेक पाइप गंजून ऑइल गळत होतं. कामठी रोडच्या एका गॅरेजात दिली. पाइप, होज, ऑइल आणि मजुरी मिळून 5,400. गाडी घेऊन निघालो आणि छत्रपती चौकाच्या सिग्नलला पेडल जवळपास तळाला टेकलं. पेडल पुन्हा पुन्हा दाबून पंप मारले तेव्हा कुठे गाडी थांबली. मागच्या सीटवर आई बसली होती.

परत नेली. "मास्टर सिलेंडर गेला भाऊ." म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइल पाइपमध्ये ढकलणारा भाग. 6,200. पेडल तसंच, स्पंजसारखं. मग म्हणे, "आता बूस्टर बसून राहिलं न, जुनी गाडी आहे तुमची." 8,750. वर दोन्हीची मजुरी 2,300.

इथेच खटकायला हवं होतं. बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर पायाला जोर देतं. ते गेलं तर पेडल कडक होतं, मऊ नाही! तो माणूस तोंडावर उलटं लक्षण सांगत होता आणि मी समोर उभा राहून यूपीआय करत होतो. आठवलं की आजही अंगाची आग होते. पंप मारले की पेडल वर येत होतं, म्हणजे हवेची खूण माझ्याच पायाखाली होती. पण मी कापडाच्या दुकानात बसणारा माणूस, मला हे कुठून कळणार? आणि ब्रेकच्या कामात घासाघीस कोण करतो? घरच्यांच्या जिवाची भीती घालून पैसे काढले त्याने.

शेवटी वाडीच्या एका मेकॅनिकने मास्टर सिलेंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून चारही चाकांच्या निपलमधून (हवा काढायच्या तोट्या) हवा काढली, मागच्या ड्रम ब्रेकचं सेटिंग केलं. नवं ऑइल धरून 700 रुपये. पेडल टणक! मग त्याने डॅशबोर्डखाली टॉर्च मारून दाखवला. बूस्टरच्या चार नटांवर जुनी धूळ जशीच्या तशी, पाना लागल्याची खूणच नाही. मास्टर सिलेंडरही जुनाच, वरून चंदेरी स्प्रे मारलेला.

सुटा भाग बदलला म्हणाले की जुना भाग हातात मागा. मी मागितला तेव्हा "भंगारात गेला" म्हणाले.

पोलिसांकडे गेलो तर "हा दिवाणी मामला आहे, ग्राहकवाल्यांकडे जा." अर्ज घ्या म्हटलं तर साधी पोच द्यायला तयार नाहीत. दुसऱ्या सरकारी खिडकीवर उत्तर मिळालं की खासगी गॅरेज आमच्या कक्षेत येत नाही. मग कोणाच्या येतं? हेल्मेट नसलं तर चौकाचौकात पावती फाडतात. इथे भर रस्त्यात ब्रेक न लागणारी गाडी दुरुस्त झाली सांगून माणसाच्या हातात दिली, उद्या कोणी चाकाखाली आलं असतं, तर त्याची नोंद करायला एक कागद मिळत नाही! एकाने तर मलाच विचारलं, "पक्कं बिल काहून नाही घेतलं?" फसवणारा मोकळा आणि जाब मला.

पक्कं बिल घ्याच, त्यावर प्रत्येक भागाचं नाव आणि किंमत लिहून घ्या. नसेल तर यूपीआयच्या नोंदी आणि चॅट जपून ठेवा, तोही पुरावा आहे. ग्राहक हेल्पलाइन 1915. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. मी अर्ज भरतोय.

ब्रेक ऑइलचा सीलबंद डबा समोर फोडायला लावा, उघडं पडलेलं ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि लवकर उकळतं. मास्टर सिलेंडर गेला म्हणत असतील तर पेडल दाबून धरा. बाहेर कुठे गळती नसताना ते हळूहळू खाली जात राहिलं तरच त्यांचं ऐका. बूस्टर म्हणत असतील तर इंजिन बंद करून चार-पाच वेळा पेडल मारा, दाबून धरा आणि मग इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर शाबूत आहे, एक रुपया देऊ नका.

आणि ज्यांनी आधीच पैसे दिलेत, त्यांनी आज घरी गेल्यावर पेडलच्या मागचे ते चार नट टॉर्चने बघा, फोटो काढून ठेवा.