कागद स्वच्छ, गाडी पुरातली

जुनी गाडी घेताना आपल्याकडे बहुतेक जण एकच गोष्ट शोधतात: अपघात. दाराचं रबर ओढून आतलं वेल्डिंग बघायचं, बॉनेटच्या कडांवरून बोट फिरवायचं, पत्र्यावर टिचकी मारायची, सगळ्या काचांवरचं साल एकच आहे ना ते पाहायचं. आमच्या अर्टिगाने या सगळ्या परीक्षा पैकीच्या पैकी मार्क मिळवून पास केल्या. करणारच. तिला कधी कोणी धडकलंच नव्हतं. ती पुरात बुडाली होती.

आम्ही पिंपरी-चिंचवडला राहतो. घरात सहा माणसं: आम्ही दोघं, सासू-सासरे, दुसरीतली मुलगी आणि तेव्हा नुकताच बसायला लागलेला मुलगा. जुन्या वॅगन आरमधून गावी जायचं म्हटलं की कोणाला तरी एसटीने पाठवावं लागायचं. नवीन सात सीटर बजेटच्या बाहेर. ट्रायबर पाहिली, जागा चांगली आहे, पण एक लिटरच्या इंजिनावर सहा माणसं आणि सामान घेऊन खंबाटकी चढायची म्हटल्यावर नवऱ्याने नाक मुरडलं. सासऱ्यांच्या मनात इनोव्हा होती. आमच्या पैशांत येणाऱ्या इनोव्हा सगळ्या दोन-अडीच लाख किलोमीटर पळालेल्या. उरली अर्टिगा. नोव्हेंबर २०१८ मध्ये आलेलं दुसऱ्या पिढीचं मॉडेल, दीड लिटर पेट्रोल, मागे बसणाऱ्यांसाठी छताला एसी, सगळ्या व्हेरियंटमध्ये दोन एअरबॅग, एबीएस आणि बाळाची सीट अडकवायला आयसोफिक्स. ती निवड चुकली असं मला आजही वाटत नाही. सहा माणसांच्या घराला हीच गाडी योग्य आहे, फक्त आमच्या वाट्याला आली ती नव्हे.

ती मिळाली हायवेलगतच्या एका प्लॉटवर, २०२३ च्या दसऱ्याच्या तोंडावर. २०१९ ची, पांढरी, एमएच १० म्हणजे सांगलीचा नंबर. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात गाडी विकली की नंबर बदलत नाही, त्यामुळे पुण्यात सांगली-कोल्हापूरच्या गाड्या दिसणं नवीन नाही. डीलर म्हणाला, "रिटायर्ड सरांची गाडी आहे. फर्स्ट ओनर. दोन वर्षं लॉकडाऊनमध्ये दारातच उभी, म्हणून रनिंग चोवीस हजार." मग माझ्याकडे वळून, "मॅडम, तुम्ही सीट कव्हरचा कलर सांगा, बाकी साहेब बघतील." गाडी मी चालवणार होते, पण ते असो.

ओळखीचा मेकॅनिक सोबत नेला होता. त्याने वर सांगितलेलं सगळं केलं, ऑइल बघितलं, चढावर गाडी चालवून पाहिली. त्याचा निकाल: "कंपनीचा पेंट आहे, डोळे झाकून घ्या." सरकारच्या एमपरिवाहन ॲपवर एकच मालक, कर्जाचा बोजा नाही, ई-चलन एकही नाही. आठ लाख पंचवीस हजार सांगितले, सात लाख नव्वदला सौदा पटला. फार स्वस्त असती तर आम्हालाही शंका आली असती. हे त्या माणसाला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

आता मागे वळून पाहिलं तर जे जे आम्हाला गुण वाटलं, त्यातलं प्रत्येक काही ना काही झाकायला होतं. नवीन सीट कव्हर फुकट, कारण खालचं मूळ कापड दाखवण्यासारखं उरलेलं नव्हतं. फ्लोअर लॅमिनेशन फुकट, म्हणजे कार्पेट कोणी उचलून बघणार नाही. चलन एकही नाही, कारण गाडी रस्त्यावरच नव्हती. पाचही टायर नवे. या टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. आमच्या टायरवर सगळीकडे २०२२ अखेरचे आकडे होते. चोवीस हजार किलोमीटरला कंपनीचे टायर का बदलावे लागले, हा प्रश्न तिथे कोणालाच पडला नाही. डीलर म्हणाला, "तुमच्यासाठी नवे टाकले," आणि आम्ही खूश.

सगळ्यात हुशारीचं उत्तर विम्याचं होतं. गाडीवर नुसता नवाकोरा थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरता, विमा होता, आधीची एकही पॉलिसी नाही. विचारलं तर म्हणाला, सप्टेंबर २०१८ पासून नवीन कारला तीन वर्षांची थर्ड पार्टी सुरुवातीलाच मिळते, सरांनी पुढे काही केलं नाही. नियम खरा आहे. खऱ्या नियमाच्या आडून खोटं सांगितलं की पकडणं अवघड जातं.

दसऱ्याला गाडी दारात आली, हार-पेढे झाले. हिवाळ्यात पॉवर विंडो अडायला लागल्या, मागचा ब्लोअर मनाला येईल तेव्हा चालू-बंद व्हायचा. जुनी गाडी म्हटलं की हे चालायचंच. मग जूनचा पहिला पाऊस झाला, काचा बंद ठेवून प्रवास सुरू झाला आणि आत ओल्या गोणपाटासारखा वास यायला लागला. प्लॉटवर गाडीत दोन-दोन परफ्यूमच्या बाटल्या का लटकत होत्या ते तेव्हा आठवलं.

उलगडा केला मुलीने. ती तिसऱ्या रांगेत बसते आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून सोडून देणं हा तिचा आवडता उद्योग. एक दिवस मागून ओरडली, "आई, पट्ट्यातून माती येतेय." मला वाटलं बुटांची असेल. जाऊन पाहिलं तर वापरात येणारा हातभर पट्टा स्वच्छ काळा, आणि त्यापुढचा, जो कायम रिळात गुंडाळलेला असतो तो, राखाडी डागांनी भरलेला. नखाने खरवडलं तर बारीक भुकटी सीटवर पडली. वाळलेला गाळ. पुढचे पट्टे नवे घातले होते. मागचे कोण बघतंय म्हणून तसेच सोडले होते.

ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्याने ड्रायव्हरची सीट काढली, लॅमिनेशन कापलं, कार्पेट वर केलं. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजून फुगलेले. कार्पेटखालच्या फोमच्या खाचांत पुन्हा तोच गाळ. वायरिंगचा एक कनेक्टर सोडवून त्याने माझ्यासमोर धरला, आतल्या पिना हिरव्या पडल्या होत्या. म्हणाला, "ताई, हे नुसतं पावसाचं पाणी नाही. ही गाडी उभी बुडालेली आहे." मग त्याने मला इग्निशन ऑन करायला सांगितलं, इंजिन सुरू न करता. मीटरवर हँडब्रेकचा, बॅटरीचा, ऑइलचा, चेक इंजिनचा, सगळे दिवे लागले. "एअरबॅगचा कुठाय?" बसलेल्या माणसापुढे गोल फुगा असं ते चित्र असतं. ते काही सेकंद लागून विझायला हवं. ते लागलंच नाही. त्याने मीटर खोलला. त्या दिव्यावर आतून काळी टेप चिकटवलेली होती.

एअरबॅगचा कंट्रोल मॉड्यूल पुढच्या दोन सीटच्या मध्ये, जमिनीलगत असतो. पाणी आत शिरलं की पहिल्या फटक्यात तो जातो. बदलायला महाग पडतो, म्हणून बदललाच नव्हता. दिवा सतत पेटून चुगली करू नये म्हणून टेप लावली. स्कॅनर जोडल्यावर मॉड्यूलकडून काहीच उत्तर नाही. म्हणजे दसऱ्यापासून त्या दिवसापर्यंत आम्ही एक्स्प्रेस वेवर, खंबाटकीत, पावसात ज्या एअरबॅगच्या भरवशावर पोरांना घेऊन फिरलो, त्या गाडीत नव्हत्याच म्हणायच्या. पैशांचं दुःख आहेच, पण राग येतो तो त्या टेपच्या तुकड्याचा. ती कोणीतरी हाताने, विचार करून लावलेली आहे.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नंबर दिला. नोंदी निघाल्या. पहिली सर्व्हिस सांगलीत, वेळेवर. त्यानंतरची नोंद ऑगस्ट २०१९ ची: टोइंग करून आणली, पाणी डॅशबोर्डपर्यंत, दुरुस्तीचं एस्टिमेट. पुढे कोरं. त्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांपर्यंत गेली होती, धोक्याची पातळी ४५ फूट. घरं गेली, दुकानं गेली, तिथे दारातल्या गाड्यांचं काय.

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी ती टोटल लॉस धरते. मालकाला पैसे मिळतात आणि सांगाडा लिलावात भंगार म्हणून जातो. त्या वेळी मालकाकडून फॉर्म २९ आणि ३० वर, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या कागदांवर, सह्या घेतल्या जातात, खरेदीदाराची जागा कोरी ठेवून. मग लिलावात घेणारा ती गाडी स्वतःच्या नावावर करतच नाही. सावकाश धुऊन-पुसून उभी करतो आणि गिऱ्हाईक सापडलं की त्याचं नाव त्या कोऱ्या जागेत भरतो. आमचं "फर्स्ट ओनर" अशा रीतीने अगदी खरं होतं.

सांगलीतल्या ओळखीतून त्या सरांचा फोन मिळवला. खरोखरच रिटायर्ड सर निघाले. मी गाडीचा नंबर सांगितला तर क्षणभर त्यांना समजेना. "अहो ताई, ती गाडी तर महापुरात गेली. विम्याचे पैसे मिळून वर्षं झाली. सह्या केल्या होत्या मी, हो." मग जरा थांबून म्हणाले, "चालते ती अजून?"

डीलरकडे गेलो तर त्याने आमचाच करार पुढे केला. विकणार सर, घेणारे आम्ही, "गाडी जशी आहे तशी तपासून घेतली", खाली नोटरीचा शिक्का. स्वतःचं नाव फक्त कमिशनच्या पावतीवर. "आम्ही मध्यस्थ, मॅडम. तक्रार असेल तर सरांवर करा." पण पैसे सरांच्या खात्यात गेलेच नव्हते. आरटीजीएस डीलरने दिलेल्या तिसऱ्याच नावाच्या खात्यावर झाला होता आणि बँकेचं ते स्टेटमेंट आज आमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम कागद आहे. दुसरं एक वकिलांकडून कळलं: १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं आणि मालक गाडी त्याच्या ताब्यात देतो तेव्हा फॉर्म २९सी भरून कळवावं लागतं. तसं केलं की जबाबदारी डीलरवर येते. आमच्या माणसाकडे असलं काही नव्हतं. तुम्ही प्लॉटवर गेलात तर चहा घेण्याआधी ते अधिकारपत्र मागा.

पोलिसांनी अर्ज घेतला आणि व्यवहाराचा वाद आहे, दिवाणी कोर्टात जा म्हणाले. १९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार नोंदवली. डीलरने तिथे उत्तरच दिलं नाही. शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. पाच ते दहा लाखांच्या व्यवहाराला फी २०० रुपये आहे, वकील लावलाच पाहिजे असं नाही, पण तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. तारखा पडतायत. एअरबॅग आणि वायरिंगचं एस्टिमेट दीड लाखाच्या पुढे आलंय, पण गाडी हाच पुरावा असल्याने तिला हात लावायचा नाही. परत वॅगन आर आणि एसटी.

तुम्ही गाडी बघायला जाल तेव्हा मेकॅनिकला इंजिन बघू दे, तुम्ही मागे जाऊन बसा. तिसऱ्या रांगेचे पट्टे रीळ संपेपर्यंत ओढा. मोबाइलचा टॉर्च लावून सीटखालचे बोल्ट बघा, फुकटचं लॅमिनेशन एका कोपऱ्यातून उचलायला सांगा आणि कटकट करत असतील तर तिथूनच परत फिरा. इग्निशन ऑन करून एअरबॅगचा दिवा लागतो आणि विझतो हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. टोकन द्यायच्या आधी, नंतर नव्हे, नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा. पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या विमा पॉलिसी मागा, मधलं एखादं वर्ष गायब असेल तर का ते विचारा. मूळ मालकाशी फोनवर बोलल्याशिवाय पैसे सोडू नका. आणि गाडी कुठली, त्या गावात पाणी कधी शिरलं होतं, हे जरा जुळवून बघा. सांगली-कोल्हापूर ऑगस्ट २०१९, चिपळूण जुलै २०२१, पुण्यात सिंहगड रोडची एकतानगरी जुलै २०२४. त्या पाण्यातल्या गाड्या कुठे ना कुठे धुतल्या गेल्या असणार.

मध्यंतरी एक एजंट घरी येऊन गेला, चार लाख द्यायला तयार होता. मी आधीच सांगितलं की ही पाण्यातली आहे. "माहितीये, मॅडम. विदर्भात जाईल, तिकडे एमएच दहाला पुराचं कोण विचारतंय." मी नाही म्हटल्यावर त्याने कार्ड ठेवलं आणि निघताना बजावून गेला, "केस संपली की फोन करा. तोवर सीट कव्हर मात्र काढू नका, त्यानेच भाव येतो."