प्लेटवर दहा, काट्यावर साडेआठ

व्यायामाच्या लोखंडी प्लेटा आणि रॉड आपल्याकडे किलोच्या भावाने विकतात. पण दुकानात काट्यावर काहीच चढत नाही. प्लेटवर जो आकडा ओतलेला असतो, तोच बिलात उतरतो. माझी फसवणूक झाली ती नेमकी इथे.

साठ किलोच्या रबरी प्लेटा, पंधरा किलोचा सात फुटी रॉड, असे मिळून ७५ किलो. १२० रुपये किलोने ९,००० रुपये झाले. बेंचचे पैसे वेगळे. माल घरपोच आला. बेंच प्रेस करताना, म्हणजे बेंचवर झोपून वजन छातीवरून वर ढकलताना, रॉड सारखा एका बाजूला कलायचा. आधी वाटलं, डावा हात कमजोर असेल. शेवटी सगळं सामान कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याच्या काट्यावर नेलं. एक ‘१० किलो’ ८.६ भरली, तिची जोडीदार ९.३. सगळ्या प्लेटा मिळून ५२.४ आणि रॉड १०.२. म्हणजे सुमारे साडेबारा किलो हवेचे जवळपास दीड हजार रुपये मोजले होते.

दुकानदार म्हणाला, “रबरात थोडं इकडंतिकडं होतंच हो, साहेब.” पॉवरलिफ्टिंगच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत प्लेटच्या वजनात पाव टक्क्याचाच फरक चालतो, दहा किलोला २५ ग्रॅम. घरी एवढं काटेकोर कुणी मागत नाही, पण चौदा टक्के म्हणजे इकडंतिकडं नव्हे. रॉडचं तर साधं गणित आहे. २८ मिलिमीटर जाडीचा सरळ सात फुटी रॉड आतून पूर्ण भरीव असला तरी दहा किलोच्या आसपासच भरतो. स्पर्धेतला ऑलिंपिक बार २० किलोचा होतो तो मुख्यतः टोकांच्या ५० मिलिमीटर जाड स्लीव्हमुळे, म्हणजे प्लेटा चढवायच्या नळ्यांमुळे.

बेंचची गोष्ट निराळी. “अठरा गेजचा पाइप आहे, हेवी!” असं त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो, हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसतं यावरच हा धंदा चालतो. चौदा गेज म्हणजे साधारण २ मिलिमीटर, अठरा म्हणजे जेमतेम सव्वा. पाइपाच्या टोकाचं प्लास्टिकचं बूच काढलं की जाडी डोळ्यांना दिसते. छातीवर वजन घेऊन ज्यावर झोपायचं, त्याचं बूच दुकानातच काढून बघा. दुकानदार नको म्हणाला तर दुसरं दुकान गाठा.

प्लेटाही तिथेच मोजून घ्या, एकेक करून, आणि बिलावर काट्याचं वजन लिहून घ्या. वजनात मारलं तर तक्रार वैधमापन शास्त्र विभागाकडे, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याकडे, करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. मी वैधमापनचं नाव काढताच प्लेटांचे पैसे परत आले. रॉड आणि बेंचवर मात्र तो अडून बसलाय, कारण बिलात प्लेटा तेवढ्या किलोने लिहिल्यात आणि बाकी सगळं ‘जिम सामान, १ सेट’ एवढंच.