पुरवठा की मागणी? अमेरिकेतल्या ओपिऑइड बळींचं मूळ

ओपिऑइड म्हणजे अफूसारखा परिणाम करणारी वेदनाशामकं आणि नशेचे पदार्थ. अमेरिकेत त्यांनी घेतलेल्या बळींसाठी पुरवठ्याला जबाबदार धरणाऱ्यांचे पुरावे ठोस आहेत. पर्ड्यू फार्मा या औषध कंपनीने १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन ही ओपिऑइड वेदनाशामक गोळी बाजारात आणली आणि तिचं व्यसन सहसा लागत नाही, असं डॉक्टरांच्या गळी उतरवलं. २००७ मध्ये याच समूहातल्या कंपनीने दिशाभूल केल्याचा गुन्हा कबूल केला. २०१० मध्ये, चुरडून नशा करणाऱ्यांना रोखण्यासाठी, गोळी सहज चुरडता येणार नाही अशी केली, तर अनेकजण हेरॉइनकडे वळले. २०१३ पासून फेंटॅनिल हे कृत्रिम ओपिऑइड पसरलं. हेरॉइनपेक्षा सुमारे पन्नास पट तीव्र, त्यामुळे तस्कराला छोटंसं पाकीटही पुरतं. घेणाऱ्याला मात्र बऱ्याचदा आपण काय घेतोय याचा पत्ताच नसतो!

मागणीची बाजू सांगणारे वेस्ट व्हर्जिनियाकडे बघायला सांगतात: बंद पडलेल्या कोळसा खाणी, अंगमेहनतीने मोडलेली शरीरं, गेलेल्या नोकऱ्या. अॅन केस आणि अँगस डीटन या अर्थशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये मध्यमवयीन गोऱ्या अमेरिकनांचा मृत्युदर वाढल्याचं दाखवलं. कारणांत अमली पदार्थांसोबत दारू आणि आत्महत्याही होत्या.

मला पुरवठ्याचं पारडं जड वाटतं. बेकारी आधीच्या पिढ्यांनीही सोसली, पण तेव्हा बाजारात फेंटॅनिल नव्हतं. तरी नुसता नळ बंद करून भागत नाही. २०१२ नंतर डॉक्टरांनी लिहून दिलेल्या ओपिऑइडच्या चिठ्ठ्या घटल्या, बळी मात्र पुढे बरीच वर्षं वाढत गेले, कारण व्यसन जडलेल्यांची गरज तशीच राहिली. मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही व्यसनावरच्या उपचारातली औषधं ती गरज भागवतात, मृत्यूचा धोकाही कमी करतात. एवढं असूनही ही औषधं बहुतेक व्यसनी रुग्णांपर्यंत पोचत नाहीत.