जुन्या पाइपाला नवं बेसिन जोडलं: बॉटल ट्रॅपचा काही महिन्यांचा अनुभव

गड्ड्याला, म्हणजे संक्रांतीच्या सुमाराला भरणाऱ्या आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, पाहुणे यायच्या आत बाथरूमबाहेरचं बेसिन बदलून घेतलं होतं. आता मृग लागलाय, म्हणजे सोलापूरचा अख्खा उन्हाळा त्या जोडणीवरून गेला. बेसिनबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पांढरं आहे, पुसलं की चमकतं. सांगायचंय ते खालच्या बॉटल ट्रॅपबद्दल, म्हणजे बेसिनखालच्या त्या बाटलीसारख्या भागाबद्दल, ज्यात थोडं पाणी साचून राहतं आणि पाइपातला वास वर येऊ देत नाही.

आधी बेसिनमधून घड्यांचा प्लास्टिक पाइप निघून थेट भिंतीतल्या पाइपात कोंबलेला होता. नव्यालाही तसंच करू, असं प्लंबरचं मत. "खाली नहाणी ट्रॅप हाय की मालक, वर अजून एक कशाला?" म्हणणं अगदीच चूक नव्हतं. गटाराचा वास नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे बाथरूमच्या जमिनीतल्या जाळीखालच्या ट्रॅपमधलं, पाणी अडवतंच. पण बेसिनपासून तिथपर्यंतच्या पाइपात साबण-पेस्टचा बुळबुळीत थर बसतो, आणि त्याचा वास वर बेसिनमधूनच येतो. आमच्याकडे तोच यायचा. ट्रॅप लावल्यापासून तो गेला, झुरळंही कमी झाली.

खरी कसरत भिंतीपाशी. ट्रॅपची नळी 32 मिमी, भिंतीतला जुना पाइप 40 मिमीचा. मधली फट व्हाइट सिमेंटने लिंपायची इथे सर्रास पद्धत आहे. मी रबराचा अडॅप्टर आणायला लावला. सिमेंटला चीर पडते, शिवाय साफसफाईला नळी ओढून काढता येत नाही. नव्या बेसिनचं भांडं खोल, त्यामुळे ट्रॅपचं तोंड भिंतीतल्या भोकाच्या खाली येत होतं. पाणी चढावर कसं जाणार? मग वरची नळी हॅक्सॉने थोडी कापून ट्रॅप वर घेतला आणि भिंतीकडे किंचित उतार ठेवला. बेसिनला ओव्हरफ्लोचं (काठाजवळचं, जास्तीचं पाणी जायचं) भोक असेल तर कपलिंग, म्हणजे बेसिनच्या तळाच्या भोकात बसणारा जोड, हाफ थ्रेडचंच (अर्ध्याच भागावर आटे असलेलं) घ्या, फुल थ्रेडमध्ये त्या पाण्याला वाटच नसते.

मे महिन्यात घर बंद ठेवून गावी गेलो होतो. परत आलो तर घरभर वास, दोन्ही ट्रॅप सुकलेले. दोन्हीकडे तांब्याभर पाणी ओतलं, वास थांबला. चाळिशीपार उन्हात हे होणारच.

आता तक्रारी. आमच्या बोअरचं पाणी जड, त्यामुळे ट्रॅपच्या कपाच्या, म्हणजे खालच्या फिरवून निघणाऱ्या भागाच्या, आट्यांवर पांढरा थर धरतो. कप लहान, त्यात केस आणि सुपारीची खांडं साचली की बेसिन तुंबायला लागतं. खाली बादली ठेवून कप हाताने फिरवला की निघतो, हे मात्र सोयीचं. बसवताना पाना लावायचा नाही, आतलं रबर सरकतं आणि थेंब थेंब गळती सुरू होते. क्रोमचा मुलामा प्लास्टिकवरचा, खालच्या कडेला आत्ताच उडालाय. पितळी घेतला असता तर पैसे जास्त गेले असते, पण माझ्या मते तोच घ्यावा. बेसिनखाली कपाट करणार असाल तर सुताराला आधीच सांगा, कप फिरवून काढायला हात आणि बादली दोन्ही मावले पाहिजेत.